इमर्जन्सीत आलेल्या प्रत्येकाला ‘मरून जावंसं वाटतं का?’ असं विचारावं का?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी कॅज्युअल्टीत नर्स आहे, बारा वर्षं झाली.

सध्या आमच्यात एक वाद रंगलाय. इमर्जन्सीत येणाऱ्या प्रत्येक पेशंटला, मग तो पाय मुरगळून आलेला असो की छातीत दुखतंय म्हणून, आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारायचं का? बीपी बघतो, ॲलर्जी विचारतो, त्याच ओघात. काही सहकारी म्हणतात, हे आपलं काम नाही, आपण इथे जीव वाचवायला आहोत. मला हेच पटत नाही. हे दुसरं काय आहे मग?

माझं मत एका रात्रीमुळे बनलंय. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) एक बाई दोन महिन्यांत तिसऱ्यांदा डोकेदुखीसाठी आल्या होत्या. मी बीपी घेत होते, कफमधली हवा सोडत होते, आणि सहज विचारलं, झोप लागते का? त्या म्हणाल्या, “लागली की वाटतं उठूच नये.” कानात स्टेथोस्कोप होता, अर्धंच ऐकू आलं. नळ्या काढून विचारलं, काय म्हणालात? त्या म्हणाल्या, “काही नाही.” तेवढ्यात पलीकडच्या बेडवरून हाक आली आणि मी गेले. परत विचारलं नाही. दोन आठवड्यांनी त्या ॲम्ब्युलन्समधून आल्या. वाचल्या. पण ते “काही नाही” अजून माझ्या कानात आहे.

तर प्रश्न दोन. सगळ्यांना विचारावं का? आणि कोणी “हो” म्हणालं तर पुढे काय करायचं? ज्यांना अनुभव आहे, अभ्यास आहे, त्यांनी लिहा प्लीज.

---

बाभूळ

विचारावं. नक्की विचारावं. ताई, लिहिलंत ते बरं केलंत.

---

चष्मेवाला

मी इमर्जन्सीतच डॉक्टर आहे, त्यामुळे विरोधी बाजू मांडतो. राग मानू नका.

रात्री दोन वाजता बाहेर वीस माणसं थांबलेली असतात, आत एक हार्ट अटॅक, एक अपघात. अशा वेळी मुरगळलेल्या पायाला मी हा प्रश्न विचारला आणि तो “हो” म्हणाला, तर? मानसोपचारतज्ज्ञ सकाळी येणार. तोवर त्या माणसाला पडद्याआड बसवून ठेवायचं, दर तासाला कोणीतरी डोकावणार आणि कोणी बोलणार नाही. अशी सात-आठ तास बसलेली माणसं मी पाहिलीत. येताना होते त्याहून खचून घरी गेले. उत्तर ऐकायची तयारी नसेल तर प्रश्न विचारू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे.

---

कासव

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. पण एक भीती वाटते ती लिहितो. ज्याच्या मनात असलं काही नाही त्याला विचारून आपणच विचार डोक्यात घालतोय असं होणार नाही का?

---

मेघना_त

@कासव, ही भीती फार जणांना असते, म्हणून सविस्तर लिहिते. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे.

याची रीतसर परीक्षा झालेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या हायस्कूलच्या २३४२ मुलांवर झालेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना प्रश्नावलीत आत्महत्येबद्दल विचारलं, निम्म्यांना नाही. विचारलेल्या मुलांची अस्वस्थता वाढली नाही, नंतर त्यांच्यात असे विचारही वाढले नाहीत. जी मुलं आधीच नैराश्यात होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांना तर विचारल्यावर थोडं हलकंच वाटल्याचं दिसलं. त्यानंतरच्या अभ्यासांचा सूरही हाच आहे. विचारल्याने विचार पेरला जात नाही. तो तिथे असतोच. तो बोलायला जागा मिळते, एवढंच.

पण कसं विचारता यावर बरंच अवलंबून आहे. आपल्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: “तसे काही विचार वगैरे येत नाहीत ना?” त्या “ना”मध्येच उत्तर आहे. समोरच्याला कळतं की “नाही” म्हटलं की सगळ्यांची सुटका. आणि “तसे” म्हणजे कसे? शब्द उच्चारायला आपण घाबरलो तर तो कसा उच्चारणार? त्यापेक्षा सरळ: “गेल्या काही आठवड्यांत मरून जावंसं वाटलं का?” मग थांबायचं. पेन खाली ठेवायचं.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१२ मध्ये मुलांच्या इमर्जन्सीसाठी चार प्रश्नांचा एक संच प्रसिद्ध केला, आस्क नावाने तो ओळखला जातो. चारही प्रश्न विचारायला साधारण २० सेकंद लागतात. वेळेचा मुद्दा मला म्हणून अर्धाच पटतो. प्रश्नाला वेळ लागत नाही, उत्तराला लागतो.

---

आकडेमोड

ज्या अभ्यासाने या प्रश्नाला थेट हात घातला तो म्हणजे ईडी-सेफ. अमेरिकेतल्या आठ इमर्जन्सी विभागांत २०१० ते २०१३ या काळात झाला. तीन टप्पे होते. पहिल्यात नेहमीचं काम. दुसऱ्यात येणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न. तिसऱ्यात प्रश्न, अधिक ज्याच्यात धोका दिसला त्याची डॉक्टरांकडून दुसरी तपासणी, घरी जाताना सुरक्षा आराखडा (असे विचार आले तर काय करायचं, कोणाला गाठायचं, ते लिहिलेला कागद), आणि पुढे वर्षभर अधूनमधून फोन.

सगळ्यांना विचारायला लागल्यावर काय झालं? आधी २६ टक्के भेटींत विचारणा होत होती, ती ८४ टक्क्यांवर गेली. धोका ओळखला जाण्याचं प्रमाण २.९ वरून ५.७ टक्क्यांवर गेलं, म्हणजे जवळपास दुप्पट. रात्रपाळीताईंच्या डोकेदुखीच्या पेशंटसारखी माणसं या फरकात असतात.

पुढचा भाग महत्त्वाचा. धोका दिसलेल्या १३७६ जणांचा वर्षभर मागोवा घेतला. वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांचं प्रमाण पहिल्या टप्प्यात २३ टक्के, दुसऱ्यात २२, तिसऱ्यात १८. नुसतं विचारून काही हाती लागलं नाही. विचारून पुढे साथ दिली तेव्हा फरक पडला.

---

चष्मेवाला

म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला की. नुसतं विचारून उपयोग नाही.

---

आकडेमोड

अर्धा सिद्ध झाला, डॉक्टर. तुम्ही म्हणता उत्तराची तयारी नसेल तर विचारू नये. आकडे म्हणतात विचारा, आणि तयारी करा. तिसऱ्या टप्प्यातल्या त्या फोनसाठी रात्री मानसोपचारतज्ज्ञ हजर असावा लागत नव्हता. ते फोन नंतरचे होते.

प्रामाणिकपणे एक उणीव सांगतो. हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता. टप्पे एकामागून एक झाले, त्यामुळे मधल्या काळात दुसरंच काही बदललं असण्याची शक्यता पूर्ण पुसता येत नाही. पण याच्या जोडीला दुसरा अभ्यास ठेवा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या इमर्जन्सी विभागांत १६४० जणांवर झाला, २०१८ मध्ये आला. पाच ठिकाणी सुरक्षा आराखडा आणि नंतर फोन, चार ठिकाणी नेहमीची पद्धत. सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ५.२९ टक्क्यांऐवजी ३.०३ टक्के. यातही चिठ्ठ्या नव्हत्या, पण दोन वेगळ्या वाटांनी येऊन माणूस एकाच दाराशी पोचला तर दाराकडे बघावं.

---

अनामिक_७

या धाग्यावर लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. लिहितोय.

मी तो पेशंट आहे. चार वर्षांपूर्वी. काय झालं, कसं झालं ते लिहीत नाही, त्याची गरजही नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा आजूबाजूला खूप माणसं होती आणि सगळी माझ्या वरून बोलत होती. एक जण दुसऱ्याला म्हणाला, “हा तोच.” एवढंच. वाईट हेतूने नसेल. पण मला डोळे उघडायची लाज वाटली. मग सकाळच्या पाळीला एक सिस्टर आल्या. त्यांनी पायाने स्टूल ओढलं आणि बसल्या. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या पातळीला आला. पहिलं वाक्य: “तुम्ही वाचलात याचं मला बरं वाटलं.” दुसरं: “काल काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगाल का? मला घाई नाही.” घाई नक्कीच होती, मी ऐकत होतो ना बाहेरचं. पण त्या बसून राहिल्या.

त्यांनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला. माझ्या अक्षरात. सुरुवातीला, मला कसं कळतं की ते येतंय. मी लिहिलं, “आंघोळ करत नाही, फोन सायलेंटवर टाकतो.” मग, एकट्याने काय करता येतं. मग, कुठे जाऊन बसता येतं, कोणाबरोबर, त्यांना काही न सांगताही. मग, कोणाला सांगता येईल. त्याखाली डॉक्टरांचा नंबर. शेवटचा मुद्दा, घरातून काय बाहेर जायला हवं आणि ते कोण नेणार. तिथे मी अडलो. त्या म्हणाल्या, “भाऊ आहे ना बाहेर? त्याला आत बोलावू?” आम्ही तिघांनी ठरवलं. भावाने त्याच संध्याकाळी ते केलं.

तो कागद अजून माझ्या मोबाइलच्या कव्हरमध्ये आहे. घडीवर फाटलाय, चिकटपट्टी लावलीय.

तीन दिवसांनी फोन आला. त्याच सिस्टर. “कागद कुठे ठेवलाय?” एवढं विचारलं. मी सांगितलं. “आज आंघोळ केली?” मी हसलो. कितीतरी दिवसांनी. एकूण पाच फोन आले. एक मी उचलला नाही, कारण नंबर अनोळखी होता. रात्रपाळीताई, ही सूचना नोंदवून ठेवा: फोन कोणत्या नंबरवरून येणार ते निघतानाच सांगा, आणि तो त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या.

---

कासव

अनामिक_७, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. माझी शंका मी मागे घेतो.

---

बाभूळ

कासवा, हळू का होईना पोचलास :)

अनामिकदादा, वाचताना डोळे भरून आले. त्या स्टूलचं लक्षात राहील.

---

मेघना_त

अनामिक_७ यांनी जो कागद वर्णन केला त्याची रचना बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन या दोन मानसशास्त्रज्ञांनी केली. आकडेमोड यांनी सांगितलेला माजी सैनिकांचा अभ्यास याच आराखड्याचा.

याच्याशी जुन्या काळच्या एका करारनाम्याची गल्लत होते, म्हणून सांगते. पूर्वी पेशंटकडून “मी स्वतःला इजा करणार नाही” असं लिहून घेत. त्यात आपण त्याच्याकडून वचन घेतो आणि आपली सुटका करून घेतो. आराखड्यात आपण त्याला हाताला धरून पायऱ्या शोधतो. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शेवटचा मुद्दा, घरातलं साधन दूर करण्याचा, अनेकांना वरवरचा वाटतो. “ठरवलंच असेल तर दुसरं काही करेल” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. प्रयत्नातून वाचलेल्यांच्या एका ऑस्ट्रियन अभ्यासात, २००९ चा आहे, जवळपास निम्म्या लोकांनी सांगितलं की त्या वेळचा पहिला विचार आणि प्रत्यक्ष प्रयत्न यांत १० मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ गेला. दहा मिनिटं. तेवढ्यात साधन हाताशी नसणं म्हणजे किती मोठी गोष्ट आहे बघा.

---

संपादक

चर्चा चांगली चालली आहे. एक विनंती: पद्धती, साधनं, प्रमाण यांचा तपशील कोणीही लिहू नये. हा धागा वाचताना कोणाला स्वतःबद्दल असे विचार येत असतील तर कृपया आत्ताच जवळच्या माणसाला सांगा, किंवा जवळच्या इमर्जन्सी विभागात जा. इथे व्यक्तिगत निरोपही करू शकता, पण आमचं उत्तर यायला उशीर होऊ शकतो, म्हणून आधी माणूस गाठा.

---

शिंपला

फोनच्या आधीची गोष्ट पत्रांची आहे. मला ती फार आवडते.

जेरोम मोटो नावाचे सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ. १९६९ पासून त्यांनी नैराश्य किंवा आत्मघाताच्या विचारांमुळे दाखल झालेल्या लोकांचा मागोवा घेतला. (हे वॉर्डातले पेशंट होते, इमर्जन्सीतले नव्हे.) त्यांपैकी ८४३ जणांनी पुढचे उपचार नाकारले होते किंवा अर्धवट सोडले होते. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना पत्रं पाठवली. दोन-चार ओळींची, टाइप केलेली. मजकूर साधारण असा, की तुम्हाला इथून जाऊन काही दिवस झाले, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, लिहावंसं वाटलं तर आम्हाला आवडेल. ना सल्ला, ना अपॉइंटमेंट. पाच वर्षांत एकूण २४ पत्रं. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या लक्षणीय कमी झाल्या.

ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला ७७२ जणांवर असाच प्रयोग पोस्टकार्डांचा झाला, वर्षभरात आठ कार्डं. पुन्हा दाखल होण्याच्या घटना जवळपास निम्म्यावर आल्या, पण पुन्हा प्रयत्न करणाऱ्या माणसांची संख्या फारशी घटली नाही. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला तर पोस्टकार्डांचा फरक दिसलाच नाही. म्हणजे कार्ड म्हणजे ताईत नव्हे. पण उपचार नको म्हणणाऱ्यालाही “तुझी आठवण आहे” हे कळवता येतं, आणि कधीकधी त्याचा उपयोग होतो, हे मोटोंनी दाखवून दिलं.

---

आकडेमोड

शिंपला, उत्तम प्रतिसाद. यात जागतिक आरोग्य संघटनेचाही मोठा अभ्यास जोडतो. तो खराखुरा चिठ्ठ्या टाकलेला होता, चष्मेवाल्यांसाठी खास. ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीन, पाच देशांतल्या इमर्जन्सी विभागांत आत्महत्येच्या प्रयत्नानंतर आलेले १८६७ जण. एका गटाशी घरी जाण्याआधी तासभर बोलणं, मग १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. २००८ मध्ये निकाल आला: त्या गटात आत्महत्येने मृत्यू ०.२ टक्के, दुसऱ्यात २.२ टक्के. महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही.

---

पेशीमित्र

थोडं अवांतर, पण शेवटी इथेच येईन.

मी एचआयव्हीच्या रोगप्रतिकारशास्त्रावर काम करतो. वर चाललेला वाद वाचताना सारखं वाटत होतं की हा वाद मी पूर्वी ऐकलाय. इमर्जन्सीत सगळ्यांची एचआयव्ही चाचणी करायची की नाही, यावर अगदी हेच मुद्दे होते: वेळ नाही, लोक दुखावतील, निकाल आला तर पुढचं कोण बघणार. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००६ मध्येच १३ ते ६४ वयाच्या सर्वांना नेहमीच्या तपासणीत ही चाचणी द्यावी असं सुचवलं. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून जास्त प्रादुर्भावाच्या भागांतल्या इमर्जन्सी विभागांत रक्त घेतलंच जात असेल तर ही चाचणीही होते, पेशंट नको म्हणाला तर नाही. आणि तिथेही शिकलेला धडा तोच: चाचणी म्हणजे फक्त दार. माणूस उपचारांपर्यंत पोचला तर अर्थ.

---

कासव

पेशीमित्र, अवांतर वाढवतो, माफ करा. काही लोकांना एचआयव्ही होतच नाही असं ऐकलंय. खरं का? आणि शरीर स्वतःहून त्याला का हरवू शकत नाही?

---

पेशीमित्र

खरं आहे, पण फार थोड्या लोकांबाबत.

विषाणू शिरतो तो सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशींत. या पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीचे मुकादम, बाकीच्या पेशींना कामाला लावणाऱ्या. म्हणजे चोर आधी पहारेकऱ्यांच्या नाईकालाच गाठतो. आत शिरायला त्याला बहुतेक वेळा सीसीआर५ नावाची आणखी एक कडी लागते. काही लोकांच्या जनुकात ३२ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. आईवडील दोघांकडून अशी प्रत आली असेल तर ती कडी पेशीवर उगवतच नाही, आणि विषाणूचे नेहमीचे प्रकार बाहेरच राहतात. हे १९९६ मध्ये समजलं. युरोपीय वंशाच्या लोकांत अशी माणसं साधारण एक टक्का. बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राऊन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी अशाच दात्याची मूळपेशी दिली गेली आणि त्यांचा एचआयव्ही गेला, तो याच कारणाने. पण तो उपचार इतका जोखमीचा आहे की कर्करोग नसलेल्याला कोणी देणार नाही.

दुसरा गट याहून विलक्षण. त्यांना लागण झालेली असते, पण औषधांशिवाय विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहतो. शंभरात एकापेक्षाही कमी. त्यांच्यातल्या अनेकांत एचएलए-बी५७ किंवा बी२७ ही जनुकं सापडतात. त्यांच्या मारक पेशी विषाणूच्या अशा भागावर घाव घालतात की तो बदलला तर विषाणूचीच ताकद जाते. २०२० मध्ये यातल्या काहींच्या पेशी तपासल्या तेव्हा दिसलं की उरलेला विषाणू गुणसूत्रांच्या ओसाड भागात अडकलाय, जिथून जनुकं सहसा वाचलीच जात नाहीत.

बाकी आपल्या सगळ्यांचं शरीर का हरतं? कारण विषाणू स्वतःची प्रत पेशीच्या डीएनएमध्ये शिवून टाकतो. मग ती पेशी झोपी जाते. झोपलेली पेशी विषाणूचं काहीच बाहेर दाखवत नाही, म्हणून मारक पेशी शेजारून निघून जातात. औषधंही फक्त वाढणाऱ्या विषाणूला थोपवतात. हा झोपलेला साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. या वेगाने तो आपोआप संपायला ७० वर्षांहून जास्त लागतील. औषध थांबवलं की काही आठवड्यांत विषाणू परत येतो. म्हणून औषध रोज, सांगितल्याप्रमाणे, न चुकता. असं केलं तर आयुष्य जवळपास नेहमीसारखं, आणि लागणही पुढे जात नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात ७८२ जोडप्यांत, जिथे एकाचा विषाणू औषधांनी दबलेला होता, जोडीदाराकडून झालेली लागण शून्य होती.

---

उंबरठा

पेशीमित्रांनी विषय काढला म्हणून लिहिते. माझी एचआयव्हीची चाचणी इमर्जन्सीतच झाली. न्यूमोनियाने गेले होते. निकाल एका तरुण डॉक्टरने कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या सांगितला. मागून स्ट्रेचर जात होतं, तो बाजूला झाला, स्ट्रेचर गेल्यावर वाक्य पूर्ण केलं. मग म्हणाला, “आता चांगली औषधं आहेत.” खरं होतं ते. पण मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

कोणी विचारलं नाही, आज रात्री घरी कोण आहे? मनात काय चाललंय? विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. मी त्या रात्री एकटी होते आणि फार वाईट विचार मनात होते. मावशीचा फोन आला, दुसऱ्याच कशासाठी तरी, म्हणून मी आज इथे आहे.

आज दहा वर्षं झाली. सीडी४ ८०, तिथून ६५० वर आलं. उत्तम चाललंय. पण चष्मेवाले डॉक्टर, तुम्ही म्हणता ना, पाय मुरगळलेल्याला का विचारायचं. मी न्यूमोनियाची पेशंट होते. माझ्या केसपेपरवर कुठेच लिहिलेलं नव्हतं की हिला विचारा.

---

मेघना_त

उंबरठा, तुम्हाला मनापासून मिठी.

तुमच्या अनुभवामागे संशोधनही आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९८८ ते २००८ या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. एचआयव्हीसह जगणाऱ्यांमधलं आत्महत्येचं प्रमाण चांगले उपचार आल्यावर निम्म्याहून खाली गेलं, आणि सीडी४ जितकं वर तितका धोका कमी दिसला. म्हणजे प्रतिकारशक्ती सावरणं आणि जगण्याची उभारी यांचा काहीतरी संबंध आहे. तरी इतरांच्या तुलनेत प्रमाण जास्तच राहिलं. गोळी विषाणूला दाबते, लाज आणि एकटेपणाला नाही.

एक व्यावहारिक गोष्ट, इमर्जन्सीतल्या लोकांसाठी. एफाविरेन्झ हे जुनं एचआयव्हीचं औषध खूप जणांनी घेतलंय. चार चाचण्यांमधल्या ५३३२ जणांची माहिती एकत्र करून २०१४ मध्ये दिसलं की ते घेणाऱ्यांत आत्मघाती विचार-वर्तनाचा धोका दुपटीहून जास्त होता. आता जागतिक आरोग्य संघटना पहिल्या पसंतीला डोलुटेग्राविर सुचवते. पण कोणी अजून ते जुनं औषध घेत असेल आणि मन बिघडलंय असं वाटत असेल तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. पेशीमित्रांनी वर लिहिलंय, थांबवलं की काय होतं.

---

बाभूळ

कुठून कुठे आलो आपण. पण मूळ प्रश्न सुटू देऊ नका हं. विचारायचं की नाही?

---

चष्मेवाला

उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या मीही निकाल सांगितलेत. यापुढे सांगणार नाही.

माझं मत बदललंय. पण एक काळजी अजून आहे, ती मांडतो. विचारायला सुरुवात झाली की व्यवस्थापनाला गुणांची तक्त्यावारी हवी असते. इतके गुण म्हणजे जास्त धोका, इतके म्हणजे कमी, कमीवाल्याला घरी पाठवा. हे करू नका. ब्रिटनच्या नाईस संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की असे तक्ते वापरून पुढच्या आत्महत्येचं भाकीत करू नये, किंवा कोणाला उपचार द्यायचे तेही त्यावरून ठरवू नये. प्रश्न हा संवादाची सुरुवात म्हणून विचारा. चाळणी म्हणून वापरलात तर “कमी धोका” असा शिक्का घेऊन माणसं घरी जातील आणि आपण निर्धास्त होऊ.

रात्रपाळीताई, तुमच्या विभागात हे सुरू करायचं असेल तर सगळ्यात आधी फोन कोण करणार ते ठरवा. नाव, दिवस, वेळ. मग प्रश्न सुरू करा. उलट क्रमाने केलंत तर माझ्या पडद्याआडच्या पेशंटसारखं होईल.

---

अनामिक_७

चष्मेवाल्यांशी पूर्ण सहमत. आणि स्टूल ठेवा. खरंच.

---

रात्रपाळी

उशिरा आले, माफी. तीन आठवडे झाले धागा काढून. प्रत्येक प्रतिसाद वाचलाय, काही छापून विभागात लावलेत (नावं काढून).

डॉक्टरांनी सांगितलं तसंच केलं. आधी फोन ठरवला. आम्ही चौघींनी दुपारचा एक तास वाटून घेतलाय, आठवड्यातून दोन दिवस. एक साधा मोबाइल मिळालाय, त्याच एका नंबरवरून सगळे फोन जातात, आणि तो पेशंटच्या मोबाइलमध्ये आम्ही स्वतः सेव्ह करून देतो. अनामिक_७, ते तुमच्यामुळे. मग गेल्या सोमवारपासून विचारायला लागलो. “येत नाहीत ना” बंद. दोघी-तिघींना तो शब्द उच्चारताना घशाशी अडकतो, म्हणून चहाच्या वेळी एकमेकींवर सराव करतो.

सगळ्यांना अजून जमत नाही. गर्दी झाली की प्रश्न गळतो, हे मान्य. एचआयव्ही आणि तशाच मोठ्या निकालांसाठी ड्रेसिंग रूममधली एक खुर्ची राखून ठेवलीय, आणि सांगून झाल्यावर “आज घरी कोण आहे” विचारायचंच, असं ठरलंय. उंबरठा, ही खुर्ची तुमची.

काल माझी पाळी होती फोनची. अकरा नंबर होते. सहा जणांनी उचललाच नाही, त्यांना उद्या परत लावणार. एकाने “बरंय” म्हणून ठेवला. दोघे जण बोलले, त्यातल्या एकाला पुढची अपॉइंटमेंट हवी होती. एकीच्या आईने उचलला आणि तीच रडायला लागली, तिच्याशी वीस मिनिटं गेली.

शेवटचा नंबर एका आजींचा. वय वर्षं सत्तर, चक्कर आली म्हणून आल्या होत्या, प्रश्न विचारल्यावर “हो, रोजच वाटतं” म्हणाल्या होत्या. मी नाव सांगितलं, कुठून बोलतेय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “थांब गं, गॅस बंद करून येते.” पावलांचा आवाज, भांड्याचा आवाज, बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन तसाच राहिला. मग परत आल्या, खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि म्हणाल्या, “हं, बोल आता. बसले मी.”